पहिल्या तासातला घास

मंडईतल्या भाजीवाल्या माझ्या मावशीला ‘उलटसुलट बाई’ म्हणायच्या. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कुठलीही भाजी उलटसुलट करून पाहिल्याशिवाय ती पिशवीत टाकत नसे. वांगं देठाकडून बघायची, कोबी बुडाकडून. पालकाची जुडी असली तर मधलं एक पान काढून कानाजवळ मोडायची. “पान बोललं पाहिजे,” म्हणायची. एखादी नवखी भाजीवाली वैतागायची. “बाई, भाजी घ्यायचीय की तिची जबानी घ्यायचीय?”

“जबानीच,” मावशी म्हणायची. “पोटात जाणार आहे ती.”

मला पोस्टात नोकरी लागली तेव्हा मी मावशीकडे राहायला आले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मावशी आणि काका, दोघंच. मूल झालं नव्हतं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यांमधून पुदिना आणि कोथिंबीर लावलेली. फ्रीज होता, पण त्यात दूध, पाण्याच्या बाटल्या आणि काकांच्या डोळ्यांत घालायचे थेंब. बाकी वाराच खेळायचा. सकाळचं संध्याकाळी आणि संध्याकाळचं सकाळी ही भानगडच त्या घरात नव्हती. मावशी मोजून, अगदी नेमकं रांधायची. मी एकदा म्हटलं, “पाहुणा आला तर?” तर म्हणाली, “पाहुण्यासाठी नवं करीन. शिळं वाढून पाहुणचार होतो का?”

ह्याच्यामागे कारण होतं. आजी लवकर गेली तेव्हा माझी आई मोठी होती, ती लग्न होऊन गेली. मावशी लहान, तिला तिच्या मामाकडे ठेवलं. मामाकडे तिला मारलं नाही, शाळेतही घातलं. फक्त तिचं ताट शेवटचं असायचं आणि त्यात बहुतेक वेळा आदल्या दिवशीचं असायचं. “आंबूस वास आला की अजून मला मामीचं घर आठवतं,” एवढंच ती एकदा बोलली होती. स्वतःचं घर झाल्यावर तिनं पहिली गोष्ट कुठली घेतली असेल तर एक धारदार सुरी आणि लाकडी पाट. जे त्या ऋतूत पिकतं तेच आणायचं, आणलं त्याच दिवशी चिरायचं, चिरल्याबरोबर शिजवायचं. पाकिटातलं, बाटलीतलं, रंग घातलेलं घरात यायचं नाही. पाळणाघरात ती स्वयंपाकाला होती. घरी ज्या दुधीला मुलं नाक मुरडायची तोच दुधी तिथे वाट्या चाटूनपुसून खायची. मुलांच्या आया येऊन विचारायच्या, “काय घालता हो?” मावशी म्हणायची, “काहीच नाही. तेच तर.”

काका लिफ्टचे मेकॅनिक. शहरभर अडकलेल्या लिफ्टा सोडवत फिरायचे. उंच, सडपातळ, हाताला कायम ग्रीसचा वास. “आमच्या हिचा जमिनीतून वर येणाऱ्यावर विश्वास,” ते म्हणायचे, “आणि माझा दोरावरून वर जाणाऱ्यावर.” दुपारी डबा उघडला की त्यांच्या कंपनीतले लोक भोवती जमायचे. काका तोऱ्यात सांगायचे, “हे सकाळी सातपर्यंत शेतात होतं.” ते खरं नव्हतं, पण मावशीला ते ऐकायला आवडायचं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट होती ती मला पुढे कळली. काकांना रक्तदाब होता. कंपनीच्या तपासणीत निघाला होता, मी यायच्या कितीतरी आधी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज घ्या म्हणाले. काही महिने त्यांनी घेतल्या. मग गोळीनं सुस्ती येते, उंचावर काम करताना भोवळल्यासारखं होतं, अशी कुरकूर सुरू झाली. डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घ्यायची, एवढंच करायचं होतं. पण मावशी म्हणाली, “मीठ कमी करते, पालेभाजी वाढवते. इतकं चांगलं खाणाऱ्याला गोळी कशाला?” काकांना तेच हवं होतं. गोळ्या बंद झाल्या. काही दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे दोघंही विसरून गेले.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी काका थकायला लागले. पायऱ्या चढून आले की दारातल्या स्टुलावर बसायचे. संध्याकाळी बूट काढले की घोट्यावर मोज्याचा वळ उठलेला असायचा, बोट दाबलं तर खळगा पडायचा. तोंडाला चव नाही म्हणायचे. अंगाला खाज सुटायची. मावशीनं निदान करून टाकलं: “बाहेरचं खाताय तुम्ही.”

“तुझी शपथ, काही खात नाही.”

“माझी शपथ घेऊ नका. मी अजून हवी आहे मला.”

मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू या. ती नाही म्हणाली नाही. म्हणाली, “जाऊ या, आधी जरा ताकद येऊ दे त्यांना.” आणि ताकद आणायला लागली. सकाळी उठल्याबरोबर पालक आणि टोमॅटोचा रस, भला मोठा पेला भरून. दहा वाजता शहाळं. दुपारी डब्यात पालेभाजी, सोबत केळं. संध्याकाळी संत्री. सगळं ताजं, स्वतःच्या हातानं निवडलेलं. काका पेला हातात घेऊन तिच्याकडे केविलवाणं बघायचे. “आज अर्धा चालेल?”

“पूर्ण. मी उभी आहे इथेच.”

आणि ते डोळे मिटून घटाघट प्यायचे.

एका सकाळी काका एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काम करत होते. वाकले ते उठता येईना. पाय आहेत की नाहीत कळेना, म्हणाले. बरोबरच्या माणसानं त्यांना त्याच लिफ्टमधून खाली आणलं आणि थेट हॉस्पिटलात नेलं. मी पोस्टातून आणि मावशी पाळणाघरातून, दोघी एकदमच पोचलो. मावशीच्या ॲप्रनला गाजराचा कीस चिकटलेला होता. आत काकांच्या छातीला तारा लावलेल्या, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी पळत होती आणि दोन नर्सेस धावपळीत इंजेक्शनं भरत होत्या.

तास-दीड तासानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. “आता जरा स्थिर आहेत,” म्हणाली. “मला सांगा, गेले काही दिवस ते काय खात-पीत होते?”

मावशीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा धीर आला. हे तिला येत होतं. तिनं सगळं सांगितलं. पालक, टोमॅटो, शहाळं, केळं, संत्री. “सगळं ताजं, डॉक्टर. बाहेरचा कण नाही.”

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. मग ती मावशीच्या शेजारी बाकावर बसली. उभ्यानं सांगण्यासारखं ते नव्हतं. तिनं समजावून सांगितलं की काकांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत. भाज्या-फळांमध्ये पोटॅशियम नावाचा क्षार असतो. धडधाकट माणसाला तो हवाच असतो, जास्तीचा किडन्या बाहेर टाकतात. किडन्याच चालत नसल्या की तो रक्तात साठत जातो आणि एका हद्दीनंतर हृदय बंद पाडू शकतो. आज तेच व्हायला आलं होतं.

“म्हणजे माझ्या रसानं...” मावशी म्हणाली.

“किडन्या रसानं बिघडल्या नाहीत. त्या रक्तदाबानं, कित्येक वर्षं हळूहळू बिघडत होत्या. हे नीट लक्षात घ्या. रसामुळे आजचा दिवस ओढवला, इतकंच.”

रक्तदाब हा शब्द ऐकल्यावर मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मला गोळ्यांची गोष्ट तिथे, त्या बाकावर सांगितली. सांगून झाल्यावर ॲप्रनवरचा गाजराचा कीस ती एकेक करून काढत बसली. रडली नाही. मी हात धरायला गेले तर हात काढून घेतला.

काका वाचले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. हातात सुया, नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत यायचं. चार तास खुर्चीत बसून राहायचं. लिफ्टचं काम सुटलं. कंपनीनं त्यांना ऑफिसात तक्रारीचे फोन घ्यायला बसवलं, तेही अर्धवेळ. “लोक अडकतात आणि मी नुसतं ‘घाबरू नका’ म्हणतो,” काका सांगायचे. “पूर्वी सोडवायचो तरी.”

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मावशीला स्वयंपाक शिकवला. मावशीला स्वयंपाक! पालेभाज्या बंद, टोमॅटो बंद, केळं, संत्रं, शहाळं बंद. बटाटा, गाजर करायचंच असेल तर साल काढा, पातळ काप करा, भरपूर कोमट पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवा, ते पाणी ओतून टाका. मग नव्या पाण्यात उकळा. तेही पाणी ओता. मग जे उरेल ते मोजून वाढा. पिण्याचं पाणीसुद्धा मोजून.

पहिल्या दिवशी मी शेजारी उभी होते. गाजर उकळलं होतं, पाणी गर्द केशरी झालं होतं. मावशीनं पातेलं मोरीपाशी नेलं आणि तशीच उभी राहिली. वाफ तोंडावर येत होती.

“सगळं सत्त्व चाललंय गं ह्यातून,” ती म्हणाली.

“ओत, मावशी.”

तिला ओतवेना. शेवटी तिनं ते पाणी थंड करून खिडकीतल्या पुदिन्याला घातलं. पुढे रोज तेच. पुदिना असा फोफावला की खिडकीतून उजेड येईना. काका म्हणायचे, “बघ, माझ्या वाटणीचं खाऊन कसा माजलाय.” आम्ही दोघी हसायचो, आणि मग भाजीचे ते पांढरट, पोचट तुकडे ताटात यायचे. मावशी स्वतःलाही तेच वाढून घ्यायची. काका रागवायचे, मी समजावायचे. ती म्हणायची, “एकाच घरात दोन चवी नकोत.”

मंडईत ती आता धावतपळत जायची. कोबी, दुधी, फ्लॉवर, काकडी. न बघता पिशवीत टाकायची. एकदा मी बरोबर होते तेव्हा तिची नेहमीची भाजीवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, “काय हो, आमचं काही चुकलं का? बाई उलटून बघत पण नाहीत आता.” मी घरचं सांगितलं. भाजीवालीनं जुडीवर पाणी मारायचं थांबवलं. “माझा पालक खायचे ते?” तिनं विचारलं.

असं वर्ष गेलं असेल. मग तो संत्र्याचा दिवस आला.

मावशी कपडे भिजवत होती. काकांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला तर त्यातून संत्र्याच्या सालीचा तुकडा पडला. ती तो घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

“अहो, हे काय आहे?”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “साल.”

“ते दिसतंय. आतलं कुठे गेलं?”

“आतलं आत गेलं.”

मला हसू आलं. मावशीला नाही आलं. तिचा आवाज असा चढला की शेजारच्यांचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मरायचंय का तुम्हाला? मी दिवसभर उकळतेय, ओततेय, स्वतःच्या हातानं चव मारतेय, ती कशासाठी? कुणी दिलं? किती खाल्लं? कधीपासून चाललंय हे?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दोन फोडी खाल्ल्या. ऑफिसातल्या फोनवरच्या पोरीनं दिल्या. हातात घेतल्यावर वास आला, राहवलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “अगं, घरात आता एक नर्स आहे, एक इन्स्पेक्टर आहे. बायको कुठे गेली माझी? ती वेडी होती जरा, पण तिच्या हातचं जेवलं की जिवंत असल्यासारखं वाटायचं.”

मावशी आत निघून गेली. दुपारभर तिनं कपडे बडवले. संध्याकाळी तोंड धुऊन, केस विंचरून बाहेर आली आणि मला म्हणाली, “चल माझ्याबरोबर. त्या आहारवाल्या बाईंना भेटायचंय.”

त्या बाई घरी निघायच्या बेतात होत्या. मावशीनं दारातच विचारलं, “मी उकळायला तयार आहे. आयुष्यभर उकळीन. पण त्यांना कधीच, एक घासही, ताजं म्हणून देता येणारच नाही का?”

बाईंनी पर्स खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, काकांचे शेवटचे रिपोर्ट पाहिले. मग म्हणाल्या, “घरी नाही. पण मशीन सुरू झाल्यावर, पहिल्या तासात, अगदी थोडं. पुढचे तीन तास मशीन रक्त धूत असतं ना. दर वेळी सिस्टरना विचारून. त्या नाही म्हणाल्या तर नाही.”

दुसऱ्या दिवशी मावशी मंडईत गेली. मी बरोबर नव्हते, पण भाजीवालीनं मला नंतर सांगितलं की बाईंनी एका टोमॅटोसाठी अख्खी टोपली उपसली, आणि आपण चकार शब्द काढला नाही.

डायलिसिसची खोली लांबलचक होती. दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी घरघरणारं मशीन. औषधाचा, स्पिरिटचा वास. सिस्टरनं सुया लावल्या, मशीन सुरू केलं, मशीनच्या काट्याकडे बघून मान डोलावली. मावशीनं पिशवीतून तळहाताएवढा डबा काढला. आत अर्धा टोमॅटो, चार फोडी करून, वर मिरपूड. काकांचा एक हात नळ्यांमुळे हलवायचा नव्हता, दुसऱ्या हातानं त्यांनी पहिली फोड उचलली. तोंडात ठेवली. चावायची घाई केली नाही.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर असायचे. त्यांच्याबरोबर कधी कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. त्यांनी मान वळवून विचारलं, “कसा आहे?”

काका डोळे न उघडता म्हणाले, “आंबट. मग गोड. मग मध्येच पुन्हा आंबट.”

“आणि बिया?”

“बिया निसटतायत, मास्तर. वेगळ्या चावाव्या लागतात.”

मास्तर हसले.

मग हे सुरूच झालं. दर खेपेला नाही, सिस्टर म्हणतील तेव्हा. कधी संत्र्याच्या दोन फोडी, कधी मूठभर कोवळे मटार, शेंगेतून तिथेच सोडलेले. कधी स्ट्रॉबेरी. मावशी बाहेर जे पिकत असेल ते आणायची. काका सांगायचे, “खिडकी नाही ह्या खोलीत, पण बाहेर कुठला महिना चाललाय ते मला डब्यावरून कळतं.” मास्तरांना मधुमेहही होता, त्यांना त्यातलं फारसं काही चालायचं नाही. पण “आज काय?” हा पहिला प्रश्न त्यांचा असायचा. काका चवीचं वर्णन करायचे, सामन्याची कॉमेंट्री केल्यासारखं, आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक ऐकायचे. डायलिसिसची खोली ही त्या दोघांची जेवायची जागा झाली. घरी पोचट भाजी खायची आणि इथे येऊन जेवायचं. सुट्टी असली की मीही जायचे. मावशीच्या चेहऱ्यावर मी जुना रंग पाहिला.

अशाच एका तासात तिनं मनातलं बोलून टाकलं. मी खुर्चीच्या पायथ्याशी बसले होते, मी आहे हे ती विसरली असावी.

“गोळ्या मी बंद करू दिल्या तुमच्या.”

“गिळायच्या मला होत्या,” काका म्हणाले. “तोंड माझं होतं.”

“आणि रस?”

“तो मात्र तुझा.” काकांनी मोकळा हात तिच्या मनगटावर ठेवला. “तू समोर उभी असायचीस ना पेला देऊन. विष असतं तरी प्यायलो असतो.”

“विषच होतं हो ते.”

“मग चवीला तरी जरा बरं करायचंस.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. सिस्टर काट्याकडे बघितल्यासारखं करत पलीकडे गेली. त्या बाकावर अडलेलं रडणं इतक्या दिवसांनी बाहेर आलं.

दीडेक वर्ष त्यांना असं मिळालं. मग थंडीत एक दिवस मशीनवर असतानाच काकांना हुडहुडी भरली. ताप चढला. रक्तात जंतू गेले होते. त्यांना वर अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली, झोपवून ठेवलं. मावशी त्या दिवशीही डबा घेऊन आली होती. तो उघडलाच नाही.

आत एकेकाला थोडा वेळ सोडायचे. मी मावशीच्या मागे काचेपाशी उभी होते. काकांच्या नाकातून एक नळी पोटात गेली होती आणि वर टांगलेल्या पिशवीतून काहीतरी पांढुरकं थेंब थेंब उतरत होतं. मावशी बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत होती. मग तिनं नर्सला विचारलं, “ह्यात काय असतं?”

“पावडर असते, मावशी. डब्यातली. पाण्यात कालवून देतो. किडनीवाल्यांची वेगळी असते, काळजी करू नका.”

“ताजी कालवता ना?”

ती पोरगी क्षणभर गोंधळली. मग समजून म्हणाली, “हो. दर वेळी ताजी.”

“बरं,” मावशी म्हणाली आणि काकांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

काका त्यातून उठले नाहीत. पहाटे गेले. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या, मावशीचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. ह्या वेळी तिनं हात काढून घेतले नाहीत.

त्यानंतरचे महिने मी कुणाला सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. शेजारपाजारचे लोक डबे आणून देत होते. मावशी ते फ्रीजमध्ये ठेवायची. फ्रीज गच्च भरला. ती भूक लागेल तेव्हा दार उघडून, हाताला लागेल ते, गरमसुद्धा न करता, उभ्यानं खायची. एकदा मी पाहिलं, वाटीतल्या भाजीला आंबूस वास येत होता, मला दारातून आला. ती खात होती. मी वाटी ओढून घेतली. “अगं, बिघडलंय ते!”

“हो का?” ती म्हणाली. “मला कळलं नाही.”

मी फ्रीज रिकामा केला, पुसला. ती स्टुलावर बसून पाहत होती, दुसऱ्या कुणाच्या घरात बसल्यासारखी.

मग हळूहळू ती पाळणाघरात जायला लागली. मुलांसाठी करायची ते नीट, पूर्वीसारखं. घरी मात्र चूल पेटायची ती चहापुरती. एका रविवारी मीच मंडईतून गाजरं आणली आणि म्हटलं, आज तू कर. तिनं मुकाट्यानं साल काढली, पातळ काप केले, भिजत घातले. मी आतल्या खोलीत होते. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग उकळल्याचा. मग पुन्हा ओतल्याचा. आणि मग काहीच आवाज आला नाही म्हणून मी गेले. ती मोरीपाशी उभी होती, रिकामं पातेलं हातात.

“हे मी कुणासाठी ओतलं गं?” तिनं विचारलं.

आम्ही ती गाजरं तशीच खाल्ली. दोघींनीही मीठ मागितलं नाही.

पुढच्या वर्षी हॉस्पिटलातून आहारवाल्या बाईंचा फोन आला. एक नवा पेशंट आहे, त्याची बायको ऐकत नाही. घरून रस आणते, लपवून पाजते. नैसर्गिक आहे, ह्यानं अपाय कसा होईल, म्हणते. तुम्ही एकदा बोलाल का? मला वाटलं मावशी नाही म्हणेल. ती म्हणाली, “येते.”

मी तिच्याबरोबर गेले. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या एका बाकावर ती बाई बसली होती. चाळिशीची, नीटनेटकी, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. पिशवीतून हिरव्या रसाची बाटली डोकावत होती. मावशी तिच्या शेजारी बसली. आत डोकावून पाहिलं नाही. काकांच्या खुर्चीत कोण आहे, मास्तर आहेत की नाहीत, काहीच पाहिलं नाही.

“पालक?” मावशीनं विचारलं.

“पालक आणि बीट,” ती बाई तुटकपणे म्हणाली. “घरच्या कुंड्यांमधला.”

“मी टोमॅटो घालायची.” आणि मग मावशीनं सांगितलं. फार नाही. पेला, लिफ्ट, पडद्यावरची वेडीवाकडी रेघ, आणि गोळ्यासुद्धा.

बाईनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “मग आता बरे आहेत ना तुमचे मिस्टर?”

मावशीला खोटं बोलता आलं असतं. “नाहीत,” ती म्हणाली. “गेले. रसानं नाही, नंतर, जंतू होऊन. पण मधली दोन-अडीच वर्षं मला मिळाली. रस तसाच चालू ठेवला असता तर तीही मिळाली नसती.”

ती बाई उठली. चेहरा लाल झाला होता. “मला असलं ऐकायचं नव्हतं,” म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून जिन्याकडे निघून गेली. आहारवाल्या बाई हळहळल्या. मावशी म्हणाली, “मीही गेले असते.”

घरी येताना बसमधून उतरल्यावर तिनं विचारलं, “मी घाबरवलं का गं तिला?” मी म्हटलं, “थोडं.” ती मान हलवून चालायला लागली.

काही दिवसांनी मला दुपारी रजा होती म्हणून मी पाळणाघराकडे गेले, दोघी मिळून घरी जाऊ म्हणून. फाटकाच्या गजांपाशी कुणीतरी उभं होतं. तीच रसाच्या बाटलीवाली बाई, पत्ता तिला आहारवाल्या बाईंनी दिला असावा. हातात पिशवी नव्हती. आतून मावशी ओले हात पुसत आली. दोघींनी एकमेकींना ओळखलं, पण नमस्कार-चमत्कार काही झाला नाही.

“बटाट्याचे काप किती पातळ करायचे?” बाईनं विचारलं. “त्या बाईंनी सांगितलं होतं, पण मी तेव्हा ऐकलंच नाही.”

मावशीनं फाटकाच्या आतूनच अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. “एवढे. पाणी कोमट. भरपूर घ्या, काप बुडून वर चार बोटं. आणि चवीला बरं लागणार नाही, ते आधीच सांगते. त्यांनी ताट ढकललं तर रागवू नका.”

“तुम्ही रागवायचात?”

“खूप,” मावशी म्हणाली.

बाईला आणखी काही विचारायचं असावं, पण आतून कुणीतरी मुलगी ओरडली की पातेलं उतू चाललंय. “उद्या या, ह्याच वेळेला,” असं म्हणत मावशी लगबगीनं आत गेली. बाई जरा वेळ तिथेच थांबली आणि मग आल्या वाटेनं परत फिरली.